मोबाईलमधला पैसा : संशय कशाचा धरावा?



काजू बी वजन करून झाली, की व्यापारी हल्ली विचारतो, "पैसे मोबाईलवर टाकू?" आणि आपल्यापैकी बरेच जण चटकन सांगतात, "नको, रोख दे." असे का, म्हणून मालवण तालुक्यातल्या एका बागायतदारांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बँकेतलो साहेब वळखीचो आसा. मोबाईलात कोण बसलोहा ता माका म्हायत नाय."

या उत्तरात हसण्यासारखे काही नाही. पैसा कष्टाचा आहे आणि तो न दिसणाऱ्या वाटेने येणार-जाणार आहे. तेव्हा शंका येणे हे शहाणपणाचेच लक्षण म्हणावे लागेल. अडचण एवढीच, की आपण संशय धरतो तो यंत्राचा, आणि विश्वास टाकतो तो माणसावर. चोर नेमका याच जागेतून आत येतो. म्हणून आजच्या पत्रकात मोबाईलवरच्या बँकेत धोका कुठे आहे आणि कुठे नाही, याचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

ओळखीवर चालणारा व्यवहार

आपल्या कोकणात एक काळ घर चालायचे ते मुंबईच्या मनीऑर्डरीवर. गिरणीत असलेला मुलगा महिन्याला पैसे पाठवी, पोस्टमन ते दारात आणून मोजून देई. म्हातारीला सही येत नसे, मग अंगठा आणि शेजारच्याची साक्ष. त्या सगळ्या व्यवहारात सुरक्षितता कशाची होती? ओळखीची. पोस्टमन घर ओळखी, साक्षीदार म्हातारीला ओळखी, आणि सारा वाडा पोस्टमनला ओळखी. पैसे भलत्याच्या हातात गेले, तर दुसऱ्या दिवशी गावभर होई.

मोबाईलवरची बँक आपली ओळख अशी पाहत नाही. ती पाहते गुपित. ज्याच्या हातात तुमचा मोबाईल आणि ज्याच्या डोक्यात तुमचा पिन, तो मनुष्य म्हणजे तुम्ही, असे ती मानते. मग तो तुमचा पुतण्या असो, दुकानदार असो की झारखंडात बसलेला भामटा असो. आपण मात्र जुन्या सवयीने ओळखीवर चालतो. "पोरगो आपलोच हा" म्हणून चार आकडे दुकानातल्या मुलाला सांगतो, कोणी कोणी तर पिन मोबाईलच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवतात. बागेला जांभ्या दगडाचा छातीइतका गडगा घालायचा आणि बेडे उघडे टाकून झोपायचे, त्यातलाच हा प्रकार.

बँकेवरच दरोडा पडला तर?

कोणी म्हणेल, पिन आम्ही नीट जपू, पण बँकेचीच यंत्रे कोणी फोडली तर? हा प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात तसे घडलेही आहे.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, तिच्या एटीएम कार्डांच्या यंत्रणेवर हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले, की "या खात्यात पैसे आहेत का, द्यावेत का" असा प्रश्न मधल्या एका यंत्रामार्फत बँकेकडे जातो आणि बँकेचे उत्तर आले, की पैसे बाहेर पडतात. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून या मधल्या यंत्राच्या जागी आपले खोटे यंत्र उभे केले. कोणीही विचारले, की ते "द्या" म्हणून सांगे. खरी बँक त्या प्रश्नोत्तरात नव्हतीच. तिकडे बनावट कार्डे घेऊन माणसे तयार उभी होती. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनसुद्धा. मग १३ तारखेला, सोमवारी, परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा केली. ते बहुतेक पैसे काढायला उभी केलेली माणसे होती. डोके चालवणारे दूरच राहिले.

आता यातला आपल्या कामाचा मुद्दा पाहा. एवढी मोठी चोरी झाली, पण ठेवीदारांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहीत. खोट्या यंत्राने खातेवह्यांना हातच लावला नव्हता. गेले ते बँकेचे पैसे, आणि तोटा बँकेने सोसला. बँकेच्या चुकीने किंवा बँकेच्या यंत्रणेतल्या भोकातून खातेदाराचे पैसे गेले, तर ती जबाबदारी खातेदाराची नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालच्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. ६ जुलै २०१७ रोजी ते व्यापारी बँकांसाठी निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही त्यात बँकेवर टाकला आहे.

याच परिपत्रकात उलट बाजूही लिहिलेली आहे, आणि ती आपल्याला फारशी कोणी सांगत नाही. खातेदाराने आपला पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान खातेदाराचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे बँक फुटली तर भरपाईची वाट आहे, आपण फुटलो तर फारशी नाही. माझ्या पाहण्यात आपल्या भागातले पैसे जातात ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या प्रकारात.

एक खुलासा इथेच करतो, कारण सभेत हा प्रश्न हमखास येतो. "ठेवीवर ५ लाखांचा विमा आहे ना?" आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो १ लाखाचा ५ लाख झाला. पण तो बँक बुडाली तर. तुमच्या खात्यातून भामट्याने पैसे नेले, तर त्या विम्याचा काही उपयोग नाही.

कुलपे किती आणि कोणती

यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. तिला मुळात दोन कुलपे आहेत. पहिले कुलूप तुमचे सिम आणि तुमचा मोबाईल. बँकेत नोंदवलेला नंबर ज्या मोबाईलमध्ये आहे, त्यावरूनच खाते जोडले जाते. दुसरे कुलूप यूपीआय पिन. घरी बसून कोणी तुमचा पिन ओळखला, तरी तुमचा मोबाईल हातात असल्याशिवाय त्याचे काही चालत नाही. मोबाईल चोरीला गेला, तरी पिन ठाऊक नसल्यास पैसे जात नाहीत. सामान्य माणसाच्या तिजोरीला एवढी कुलपे कधीच नव्हती.

पण एक भोक ध्यानात ठेवावे. नवा पिन तयार करायला एटीएम कार्डावरचे शेवटचे आकडे, कार्डाची मुदत आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढे पुरते. म्हणून मोबाईल आणि एटीएम कार्ड एकाच पिशवीत, एकाच पाकिटात ठेवू नये. बाजाराला जाताना मोबाईल नेला, तर कार्ड घरी राहू द्यावे. आणि मोबाईल हरवला, तर आधी सिम बंद करवून घ्यावे, मग बाकीची शोधाशोध.

सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही. येणाऱ्या पैशाला पिन नाही, ओटीपी नाही, क्यूआर कोडावर आपला मोबाईल धरणेही नाही. नारळ विकताना आपण गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो, त्यासाठी आपली पेटी उघडून त्याच्या हातात देतो काय? एवढे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ असले, तर निम्म्याहून अधिक फसवणूक उंबऱ्याबाहेर थांबेल, असे मला वाटते.

हेच न कळल्याने काय होते ते पाहा. समजा, आंब्याचा हंगाम आहे. तुम्ही पेट्या थेट मुंबई-पुण्याला पाठवता आणि मुलाने मोबाईलवर जाहिरात दिली आहे. फोन येतो. बोलणारा हिंदीत, अदबीने, आपण लष्करात अधिकारी असल्याचे सांगतो. वीस पेट्या हव्या आहेत, भाव विचारत नाही, घासाघीस करत नाही. (आंब्याला घासाघीस न करणारे गिऱ्हाईक भेटले, की तिथेच थोडे थांबावे.) गणवेशातला फोटो पाठवतो, ओळखपत्र पाठवतो. म्हणतो, आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे. मी एक कोड पाठवतो, तो तुम्ही स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा होतील. आधी खात्री म्हणून पाच रुपये खरोखरच पाठवतो. मग वीस हजारांचा कोड येतो, आपण पिन टाकतो आणि वीस हजार आपल्याच खात्यातून जातात. "चूक झाली, पुन्हा करा, दोन्ही परत येतील" असे तो म्हणतो आणि माणूस घाबरून दुसऱ्यांदा पिन टाकतो. तारकर्ली-देवबागला ज्यांनी घरात पर्यटकांची सोय केली आहे, त्यांनाही खोली राखून ठेवण्याच्या निमित्ताने हेच फोन येतात.

पूर्वी "मला पैसे द्या" अशी मागणीही समोरच्याच्या मोबाईलवर पाठवता येई आणि लोक ती घाईत मंजूर करून बसत. एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे अशी मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. ती एक वाट बुजली. कोडाची वाट अजून उघडी आहे.

उलटी फसवणूकही होते. गिऱ्हाईक समोर उभे राहून आपल्या मोबाईलवर "पैसे गेले" असे हिरवे चिन्ह दाखवते. असे चिन्ह दाखवणारी बनावट ॲपे असतात. त्याच्या मोबाईलकडे पाहूच नये. आपल्या खात्यात रक्कम दिसली, तरच पोती गाडीवर चढवावी. आणि नुसता संदेश आला म्हणूनही भुलू नये. "चुकून तुमच्या खात्यात ३० हजार आले, परत करा" असे सांगणारे आधी खोटा संदेश पाठवतात. शिल्लक किती, ते बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत पाहावे. खरेच कोणाचे पैसे चुकून आले असतील, तर ते बँकेमार्फतच परत जाऊ द्यावेत.

सरकारी नावाने येणारी फाईल

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६ हजार २०१९ पासून खात्यात येऊ लागले, आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसे २०२३ पासून. भामट्यांनी हे ध्यानात ठेवले आहे. व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" किंवा "ई-केवायसी" अशा नावाची एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात. ही यादी नसते, ते एक ॲप असते. उघडून परवानग्या दिल्या, की तुमच्या मोबाईलवर येणारे संदेश चोराला दिसू लागतात, ओटीपीसुद्धा. पुष्कळदा ती फाईल गावातल्याच ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आलेली असते, कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. इथे परत तीच ओळख आडवी आली! कृषी खाते किंवा बँक अशा फायली व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ई-केवायसी करायची, तर नागरी सुविधा केंद्रात जावे किंवा कृषी सहाय्यकाला विचारावे. "तुमचा मोबाईल मी इथून पाहतो, हे ॲप घ्या" असे सांगणाऱ्यालाही हाच नियम.

पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीतून हलू नका, पैसे भरा" असे धमकावणारेही निघाले आहेत. अशी अटक कोणत्याच कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा.

अंगठा

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना वाटते, आपण या सगळ्यातून सुटलो. तसे नाही. गावातल्या बँक प्रतिनिधीकडे किंवा पोस्टमनकडे आधार क्रमांक सांगून, यंत्रावर बोट ठेवून पैसे काढता येतात. सोय उत्तम आहे. १ सप्टेंबर २०१८ रोजी पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाली, तेव्हापासून पोस्टमन पुन्हा दारात पैसे मोजू लागला, हे मला व्यक्तिशः फार बरे वाटते. पण या व्यवहाराला पिन नाही आणि ओटीपीही नाही. बोट हेच गुपित. आणि बोट तर आपण दिवसभरात दहा ठिकाणी उमटवतो.

तेव्हा यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी रक्कम किती घातली ते पाहावे, दिसत नसेल तर मोठ्याने वाचून घ्यावे. "अंगठा नीट उठला नाही, परत ठेवा" असे सांगितले, तर आधीच्या वेळेची पावती मागावी, व्यवहार झाला नाही असेही त्या पावतीवर येते. काजू सोलणाऱ्या भगिनींच्या बोटांची कातडी टरफलाच्या तेलाने जाते, त्यांचा ठसा खरोखरच चार-चारदा उठत नाही. म्हणूनच त्यांनी पावतीचा आग्रह अधिक धरावा. शिवाय आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. आधारच्या ॲपवरून मुलगा किंवा नात हे करून देऊ शकेल. पैसे काढायच्या दिवशी कुलूप उघडायचे, काम झाले की पुन्हा लावायचे. वर्षातून चारदाच पैसे काढणाऱ्याने हे जरूर करावे. त्यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. आधारची चौकशी १९४७ या क्रमांकावर होते.

मुडी आणि डबा

मग मोबाईलवर व्यवहार करावा की नाही? माझे मत विचाराल, तर करावा, पण सगळा पैसा त्या वाटेवर ठेवू नये. पूर्वी भात मुडी बांधून ठेवत आणि रोजच्या जेवणापुरते तांदूळ डब्यात असत. रोजच्या रोज कोणी मुडी सोडत नसे. तशी दोन खाती ठेवावीत. काजूचे, आंब्याचे, पीक कर्जाचे पैसे एका खात्यात. ते खाते यूपीआयला जोडू नये, त्याच्या कार्डाचा ऑनलाइन वापर बंद ठेवावा, मोठी रक्कम काढायची तर शाखेत जावे. दुसरे खाते लहान, पाच-दहा हजारांचे, मोबाईलवर चालणारे. त्यातून खत-औषधांचे, रिक्षाचे, विजेच्या बिलाचे पैसे जाऊ द्यावेत. काही वाईट झालेच, तर डबा जाईल, मुडी शाबूत राहील. दोन्ही खात्यांना मोबाईल नंबर मात्र जोडलेला असावा, म्हणजे पैसे हलले की संदेश येतो. संदेश वाचता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी पोराला रोज संध्याकाळी वाचायला सांगावे. पिन सांगू नये, संदेश वाचून घ्यायला हरकत नाही.

पैसा रोखीने घरात ठेवणे हाही काही बिनधोक उपाय नव्हे. हंगामात कोणाकडे किती काजू गेली, हे सगळ्या वाडीला ठाऊक असते.

पैसे गेलेच तर

लाज धरून गप्प बसू नये. इथे तास मोजले जातात. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवला जातो आणि शेवटी एटीएममधून काढला जातो. तो वाटेत असतानाच अडवता येतो. म्हणून सगळ्यांत आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची सायबर तक्रारीची सेवा आहे. तिथून संबंधित बँकांना कळवून रक्कम गोठवण्याचा प्रयत्न होतो. आपला मोबाईल नंबर, बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. हीच तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही होते. लगेच दुसरा फोन बँकेला, खाते व कार्ड बंद करण्यासाठी. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्यावा. गूगलवर शोधून मिळालेला पहिला नंबर भामट्याचाही असू शकतो. बँकांची खरी संकेतस्थळे २०२५ पासून डॉट बँक डॉट इन या शेवटाची झाली आहेत, तेवढी खूण पाहावी.

मग शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोचेवर तारीख आणि वेळ असावी. २०१७ च्या त्या परिपत्रकात मुदती ठरवल्या आहेत. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, कोणी तिसऱ्यानेच चोरी केली, तर संदेश मिळाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवणाऱ्यावर काहीच भार नाही. ४ ते ७ दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत आणि बिनशिलकीच्या मूलभूत खात्याला ५ हजारांपर्यंत तोटा सोसावा लागू शकतो. त्याहून उशीर झाला, तर बँकेच्या धोरणावर अवलंबून. हे दिवस शाखेच्या कामाचे धरतात, गणपतीची सुट्टी त्यात मोजत नाहीत. पण १९३० ला सुट्टी नसते, तेव्हा चतुर्थी असली तरी फोन त्याच घटकेला करावा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची सोय आहे, त्याची माहिती १४४४८ वर मिळते. आपली बँक त्या योजनेत येते काय, ते शाखेत विचारून ठेवावे.

तरुण मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी. "तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो" असे कोणी म्हणाले, तर ते खाते चोरीचा पैसा फिरवायला हवे असते. पोलीस पहिल्यांदा येतात ते त्या खातेदाराच्या दारात.

१९३०, बँकेच्या शाखेचा नंबर आणि आपला खाते क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी लावून ठेवावा. पिन मात्र त्या कागदावर लिहू नये. शंका असल्यास आपल्या गावच्या कृषी सहाय्यकाकडे अथवा कार्यक्रमाच्या पत्त्यावर पोस्टकार्डाने कळवावे. पत्रात खाते क्रमांक लिहू नये.

पुढील पत्रक : काजूच्या नव्या पालवीवरील ढेकण्या आणि त्याचा बंदोबस्त.